मुंबईची त्रिंकोमाली (१८१७): सागवानाने तारली की रिकामपणाने?

दर्याफिरस्ता (धागाकर्ता)

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला एचएमएस त्रिंकोमाली ही तीन डोलकाठ्यांची फ्रिगेट (मध्यम आकाराची, वेगवान शिडाची युद्धनौका) उभी आहे. बांधली मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बमनजी वाडियांनी. पाण्यात उतरली १२ ऑक्टोबर १८१७ ला. तोफांच्या मजल्याची लांबी १५० फूट, रुंदी जवळपास ४० फूट, जुन्या मापाने १,०६६ टन.

तिचा सेवापट थोडक्यात असा. ३० एप्रिल १८१९ ला पोर्टस्मथला पोचली आणि थेट राखीव ताफ्यात गेली. १८४५ मध्ये फेरबदल करून कॉर्व्हेट (फ्रिगेटहून खालच्या श्रेणीची युद्धनौका) केली. १८४७ ते १८५० उत्तर अमेरिका आणि वेस्ट इंडीज, कप्तान रिचर्ड लेअर्ड वॉरन. १८५२ ते १८५७ पॅसिफिक, कप्तान वॉलेस हाउस्टन. मग नौदलाच्या राखीव खलाशांसाठी शिक्षणनौका. १८९७ मध्ये भंगारात विक्री. तिथून जॉर्ज व्हीटली कॉब या हौशी माणसाने उचलली, फूद्रोयां असं नाव दिलं, आणि १९८६ पर्यंत तिच्यावर मुलांची प्रशिक्षणं चालली. १९८७ मध्ये हार्टलपूल, १९९० ते २००१ जीर्णोद्धार, मधेच १९९२ मध्ये मूळ नाव परत.

तिच्याविषयीच्या प्रत्येक मराठी लेखात "मलबारचा साग, म्हणून दोनशे वर्षं टिकली" हे वाक्य असतंच. माझं मत वेगळं आहे. साग हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं की नेपोलियनचं युद्ध संपल्यावर ती जन्माला आली, आणि पहिली २६ वर्षं तिला कोणी कामच दिलं नाही. जाणकारांनी खोडून काढावं.

फुकटचा_सल्ला

२६ वर्षं हजेरीपटावर नाव, काम शून्य, आणि शेवटी बढतीऐवजी पाचव्या श्रेणीतून सहाव्या श्रेणीत रवानगी. बाई पक्की सरकारी नोकर होती.

सुतारपक्षी

धागाकर्त्याशी असहमत. मुळात या प्रश्नासाठी जवळजवळ तयार प्रयोग उपलब्ध आहे.

त्रिंकोमाली लेडा वर्गाची. हा आराखडा एबे या फ्रेंच फ्रिगेटवरून उतरवलेला, जी इंग्रजांनी १७८२ मध्ये पकडली होती. याच आराखड्यावर पुढे तीस वर्षं जहाजं बांधत राहिले आणि ती तीन वेगवेगळ्या लाकडांत झाली.

एक, ओक. नेहमीचं इंग्लिश बांधकाम.

दोन, पाइन. १८१२ ला अमेरिकेशी युद्ध सुरू झालं तेव्हा घाईने आठ फ्रिगेटी पाइनच्या बांधल्या, सिडनस आणि तिच्या बहिणी. लाकूड मऊ, म्हणून काम झटपट होतं. पण कुजतंही झटपट आणि खिळा धरून ठेवत नाही. १८२० उजाडेपर्यंत त्यातल्या बहुतेक मोडीत निघाल्या होत्या.

तीन, साग. मुंबईला अँफिट्राइट (१८१६) आणि त्रिंकोमाली. अँफिट्राइटला निवांतपणा मिळाला नाही, तीही पॅसिफिकपर्यंत राबली, तरी १८७० च्या दशकापर्यंत होती.

सागाचं रहस्य फक्त "कुजत नाही" एवढंच नाही. ओकमध्ये टॅनिनयुक्त आम्ल भरपूर असतं. ओल्या ओकमध्ये लोखंडी खिळा मारला की आम्ल लोखंड खातं, लोखंडाचा गंज लाकूड खातो, भोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं आणि खिळा भोकात खुळखुळायला लागतो. फळी शाबूत दिसते, सांधा मेलेला असतो. सागात तेल असतं, ते लोखंडाला झाकतं. शिवाय सुकताना साग फार आकसत नाही, त्यामुळे शिवणी (फळ्यांमधल्या फटी) उघडत नाहीत आणि कलपती, म्हणजे त्या फटी बुजवणं, कमी करावी लागते. जहाज म्हणजे शेवटी हजारो सांधे. सांधे टिकले तर जहाज टिकलं.

तोटेही लिहितो, नाहीतर म्हणाल सागाचा दलाल आहे. सागात सिलिका असते, त्यामुळे रंधे, करवती फार लवकर बोथट होतात. वाकडे नैसर्गिक तुकडे, म्हणजे सांध्यांना आधार देणारे कोनाकृती भाग करायला लागतात ते, ओकसारखे सहज मिळत नाहीत. आणि सागाची कपची अंगात घुसली तर जखम चिघळते, असा खलाशांचा पक्का समज होता.

टोपणनाव_सुचत_नाही

सुतारपक्षी, मस्त प्रतिसाद. पण मग युनिकॉर्नचं काय?

काळा_घोडा

मी तेच लिहायला आलो होतो. एचएमएस युनिकॉर्न, चॅटमला १८२४ मध्ये उतरलेली, आज डंडीत आहे. त्रिंकोमालीची थेट बहीण म्हणा, लेडा वर्गाचीच, आणि तीही तरंगते आहे. लाकूड ओक. एक दिवससुद्धा शिडं लावून समुद्रात गेली नाही. बांधून झाल्यावर डोलकाठ्या उभारल्याच नाहीत, वर छप्पर घातलं आणि ठेवून दिली. ते छप्पर आजही आहे.

म्हणजे ओक + छप्पर + रिकामपण = दोनशे वर्षं. धागाकर्त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही.

सुतारपक्षी

बरोबर, पण मग समीकरण पूर्ण मांडा. युनिकॉर्न कायम छपराखाली. त्रिंकोमालीने सुमारे आठ वर्षं कॅरिबियनपासून बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत मार खाल्ला आणि नंतर शंभरेक वर्षं मुलांच्या पायांखाली गेली. इतकं होऊनही जीर्णोद्धारात सांगाड्याचं साठ टक्क्यांहून जास्त लाकूड मूळचंच ठेवता आलं. ओकच्या जहाजाला एवढं झेपलं असतं का?

काळा_घोडा

झेपलं होतं की. इम्प्लेकेबल. मूळची फ्रेंच, द्युग्वे-त्रुआं, १८०० ची, ट्राफल्गारला फ्रेंचांकडून लढलेली. ओकचीच. कॉबच्याच ताब्यात आली आणि फूद्रोयां ऊर्फ त्रिंकोमालीच्या शेजारी वर्षानुवर्षं शिक्षणनौका म्हणून उभी होती. १९४९ मध्ये दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून दोन्ही देशांचे झेंडे लावून समुद्रात नेऊन बुडवली. सुरुंग लावूनही लगेच बुडेना.

दर्याफिरस्ता (धागाकर्ता)

"राखीव ताफ्यात ठेवली" म्हणजे नेमकं काय करत, हे कोणी नीट लिहील का? नुसती बांधून ठेवली तर ओकच काय, सागही गेला असता.

बंदरपट्टी

राखीव जहाजाची व्यवस्था साधारण अशी असे:

तोफा, दारूगोळा, शिडं, दोर, सगळं उतरवून किनाऱ्यावरच्या कोठारात. वरच्या डोलकाठ्या आणि परबाणं (शिडाच्या आडव्या काठ्या) खाली. डोलकाठ्यांच्या ताणामुळे जहाजाच्या बाजू सतत ओढल्या जातात, तो ताण जातो. डेकवर लाकडी छप्पर. तोफांच्या खिडक्या कोरड्या हवेत उघडायच्या, पावसात बंद. तळातलं पाणी रोज मोजायचं आणि उपसायचं. अधूनमधून गोदीत घेऊन तळाचा तांब्याचा पत्रा तपासायचा. जहाजावर मोजकी माणसं: एक सुतार, एक बोसन, एक गोलंदाज वगैरे.

यात छप्पर सगळ्यात महत्त्वाचं. लोकांना वाटतं समुद्राचं पाणी लाकूड कुजवतं. उलट आहे. खाऱ्या पाण्यात बुडालेलं लाकूड, किड्यापासून वाचवलं तर, कित्येक वर्षं टणक राहतं. कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकच्या शिवणीतून झिरपतं, तुळईच्या टोकाशी किंवा दोन फासळ्यांच्या मधल्या बंद जागेत साठतं. हवा खेळत नाही, बुरशी धरते. म्हणून जुन्या जहाजात आधी तुळयांची टोकं आणि पाण्याच्या रेषेच्या वरचा पट्टा जातो, तळ नाही. काही ठिकाणी फासळ्यांच्या फटीत मीठ ठासून भरत, ते याचसाठी.

तांब्याच्या पत्र्याची वेगळी भानगड. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागले की लोखंड झपाट्याने खंगतं. १७८० च्या दशकात इंग्रजांनी हे महागात शिकून घेतलं, तेव्हापासून पाण्याखालचे मुख्य बोल्ट तांब्याच्या मिश्रधातूचे करायला लागले. त्रिंकोमालीच्या वेळेपर्यंत ही पद्धत रुळलेली होती.

फुकटचा_सल्ला

आमच्या सोसायटीच्या गच्चीला हाच नियम. कुजवतो तो पाऊस, आणि छपराला परवानगी मिळत नाही.

ठाणे_खाडी

अवांतर, पण भारी आहे म्हणून लिहिते. या जहाजाचे आराखडे पहिल्यांदा मुंबईला पोचलेच नाहीत. बांधायचा हुकूम १८१२ च्या ऑक्टोबरचा. नकाशे दिले एचएमएस जावा या फ्रिगेटवर. २९ डिसेंबर १८१२ ला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावाची गाठ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनशी पडली. जावा इतकी मोडली की ओढून नेण्यासारखी राहिली नाही, अमेरिकनांनी जाळून टाकली. कप्तान लॅम्बर्ट जखमांनी गेला. मुंबईत बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठीचे तांब्याचे पत्रेही तिच्यावरच होते. मग नकाशांचा दुसरा संच पाठवावा लागला, कीलचं (जहाजाच्या तळाच्या कण्याचं) काम १८१६ ला सुरू झालं. तेव्हा पारशी रिवाजाप्रमाणे जमशेटजींनी कीलमध्ये चांदीचा खिळा ठोकला.

आता पुढची गंमत. जावावर मुंबईच्या नेमणुकीवर निघालेला एक प्रवासी होता, लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप. अमेरिकनांनी त्याला शब्दावर सोडून दिलं. पाच वर्षांनी, २१ डिसेंबर १८१७ ला, महिदपूरला होळकरांच्या फौजेविरुद्ध इंग्रजांचा सेनापती हाच. आणि फेब्रुवारी १८१८ मध्ये खानदेशात थाळनेरच्या किल्ल्यावरची शिबंदी कापून काढली, तोही हाच.

दर्याफिरस्ता (धागाकर्ता)

हिस्लॉपचा हा धागा माहीत नव्हता! तारखा शेजारी ठेवल्या तर अंगावर येतात. त्रिंकोमाली पाण्यात उतरली १२ ऑक्टोबरला, खडकीची लढाई ५ नोव्हेंबरला. चोवीस दिवस.

पुणेरी_तिरकस

कृपया धाग्याचा पानिपत करू नये. इथून लोक बापू गोखल्यांवर जातील, तिथून बाळाजीपंत नातूवर, आणि तीनशे प्रतिसादांनंतर संपादक कुलूप लावतील.

शिलेदार_१८१८

मग विषयाला धरूनच बोलतो. साग फुकट आला नव्हता. नौदलाला साग हवा म्हणून कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसनला मलबारच्या जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर नेमलं. जंगलरक्षण हा शब्द ऐकायला छान आहे, प्रत्यक्षात सागावर सरकारी मक्ता बसला. स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायची लोकांना चोरी झाली. ओरड इतकी झाली की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर मन्रोने ते पद रद्द केलं. म्हणजे त्रिंकोमालीचा साग त्या मक्तेदारीच्या काळातला. वाडियांचं कौतुक करताना हेही एका ओळीत यावं.

सुतारपक्षी

यावंच. आणि लाकडाबद्दल एक तपशील: मलबारचा साग ओला तोडत नसत. बुंध्याभोवती सालीसकट वर्तुळाकार खाच घेत, झाड उभ्या उभ्या मरत असे, आणि दोनेक वर्षं तसंच वाळू देत. कारण ओला साग पाण्यात तरंगत नाही, नदीतून खाली आणायचा तर वाळलेलाच हवा. नाइलाजाने घातलेला हा नियम, पण त्यामुळे गोदीत येणारं लाकूड आधीच मुरलेलं असायचं. त्याच काळात इंग्लंडमध्ये युद्धाच्या घाईत ओला ओक वापरून बांधलेली जहाजं पाच-सहा वर्षांत बुरशीने जात होती. तेव्हा "साग विरुद्ध ओक" या वादातला निम्मा भाग खरं तर "मुरलेलं विरुद्ध ओलं" असा आहे.

ठाणे_खाडी

+१. हा मुद्दा कुठेच वाचायला मिळत नाही.

नवखा_नाविक

दोन शंका. ३८ तोफांची की ४६ तोफांची? दोन्ही आकडे दिसतात. आणि मुंबईतच का बांधली, कलकत्त्यालाही साग जात होता ना?

गोलंदाज

दोन्ही आकडे खरे. जुन्या मोजणीत आखूड कॅरोनेड तोफा बऱ्याचदा धरत नसत. फेब्रुवारी १८१७ मध्ये नियम बदलला, सगळ्या मोजायच्या. त्यामुळे ३८ ची फ्रिगेट कागदावर ४६ ची झाली. मुख्य मजल्यावर २८ लांब तोफा, १८ पौंडी. म्हणजे गोळा १८ पौंडांचा, व्यास सुमारे पाच इंच, तोफेचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास, दारू गोळ्याच्या वजनाच्या एक तृतीयांश, म्हणजे ६ पौंड. वरच्या डेकवर ३२ पौंडी कॅरोनेड. गोळा जवळपास दुप्पट, पण तोफ निम्म्याहून हलकी, कारण नळी आखूड आणि दारू थोडी. जवळून भिंत फोडायला उत्तम, लांबून निरुपयोगी.

१८४५ च्या फेरबदलात तोफा जवळपास निम्म्यावर आणल्या, पण नव्या तोफा जड. ८ इंची, स्फोटक गोळा टाकणाऱ्या, एकेक ६५ हंड्रेडवेट, म्हणजे सव्वातीन टन. त्यामुळे "पदावनती" म्हणणाऱ्यांनी (फुकटचा_सल्ला, तुम्हीच) लक्षात घ्यावं की मारा वाढलाच होता. श्रेणी तोफांच्या संख्येवर ठरायची, ताकदीवर नाही.

मागची बाजूही तेव्हाच बदलली. मूळची सपाट होती, नुसत्या काचेच्या खिडक्या. शत्रूने मागून गोळा सोडला की तो जहाजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ माणसं कापत जायचा. नवी बाजू लंबवर्तुळाकार, फासळ्या वरपर्यंत नेलेल्या, मागे तिरक्या कोनातही तोफ लावता येते. युनिकॉर्नची याहून जास्त गोल आहे, आणि खरं सांगायचं तर कुरूप आहे.

फुकटचा_सल्ला

पदनाम खालचं, काम जास्त. मग तर नक्कीच सरकारी नोकरी.

बंदरपट्टी

मुंबईच का, तर भरती-ओहोटी. उधाणाला इथे पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. भरतीला जहाज गोदीत घ्यायचं, ओहोटीला पाणी आपोआप बाहेर जातं, दरवाजा लावायचा, कोरडी गोदी तयार. १७५० पासून मुंबईत ही सोय होती आणि डंकन गोदी १८१० पर्यंत पूर्ण झाली. शिवाय वाडियांचं घराणं. लवजी नसरवानजी सुरतेहून १७३० च्या दशकात आले, तेव्हापासून मुख्य मिस्त्रीपद घरातच. जमशेटजींनी त्याआधी मिंडेन (१८१०) ही ७४ तोफांची, मग कॉर्नवॉलिस (१८१३) आणि वेलस्ली (१८१५) दिल्या होत्या. १८४२ चा नानकिंगचा तह कॉर्नवॉलिसवर झाला. वेलस्ली १९४० मध्ये थेम्सवर जर्मन बाँबने बुडाली.

खर्चाकडे पण बघा. त्रिंकोमाली बांधायला सुमारे २३,००० पौंड, आणि मुंबईहून पोर्टस्मथला न्यायला ६,६०० पौंड! बांधणीच्या पावपटीहून जास्त. तिथे पोचून आणखी २,४०० सज्जतेला. इतकं करून कोपऱ्यात.

टोपणनाव_सुचत_नाही

रच्याकने, त्याच फेरीत जानेवारी १८१९ मध्ये ती सेंट हेलेनाला सहा दिवस थांबली आणि नेपोलियनला तपासणारा डॉक्टर जॉन स्टोको तिथून तिच्यावर चढला. नेपोलियनविरुद्ध लढायला मागवलेलं जहाज, त्याच्या डॉक्टरची वाहतूक करून घरी.

कोकणी_पामर

सेवापटात पॅसिफिकची पाच वर्षं एका ओळीत उरकली आहेत. तिथेच खरं काम झालं. १८५४ मध्ये बेरिंगच्या सामुद्रधुनीत प्लोव्हर या जहाजाला रसद पोचवली, जे फ्रँकलिनच्या हरवलेल्या आर्क्टिक मोहिमेच्या शोधासाठी तिथे थांबलं होतं. क्रिमियन युद्धही त्याच काळात चालू होतं आणि रशियाचा किनारा याच ताफ्याच्या वाट्याला होता. पण नुसत्या शिडाच्या जहाजाचे दिवस भरले होते. वारा पडला की तोफा असून उपयोग नाही, वाफेच्या बोटीने ओढायची वाट बघायची.

याचा नमुना म्हणजे १८५६ ची कौइचन मोहीम. व्हँकूव्हर बेटावर थॉमस विल्यम्स नावाच्या वसाहतवाल्याला गोळी लागली, तो वाचला. गव्हर्नर जेम्स डग्लसने चारशेच्या वर खलाशी आणि सैनिक जमवले, त्रिंकोमालीला हडसन बे कंपनीच्या ऑटर या वाफेच्या बोटीने ओढत खाडीत नेलं, ताथ्लासुत या कौइचन माणसावर तिथेच खटला चालवला आणि त्याच्या लोकांसमोर फाशी दिली. आजही त्या भागात नकाशावर त्रिंकोमाली चॅनल आणि हाउस्टन पॅसेज आहेत. तिच्या सेवापटात मोठी सागरी लढाई एकही नाही. तिचं मुख्य काम दिसणं आणि धाक बसवणं, आणि तो धाक कोणावर हे लिहिलंच पाहिजे.

शिलेदार_१८१८

आभार. हेच हवं होतं.

नवखा_नाविक

जगातलं सर्वात जुनं तरंगतं लढाऊ जहाज हेच ना?

काळा_घोडा

नाही. बोस्टनची कॉन्स्टिट्यूशन १७९७ ची, अजून तरंगते आणि अमेरिकी नौदलात अधिकृत सेवेत आहे. तीच जिने जावा फोडली आणि त्रिंकोमालीचे नकाशे बुडवले. म्हणजे पहिला नंबर जिच्याकडे आहे तिनेच दुसरीचा जन्म लांबवला.

पुणेरी_तिरकस

भावकी.

दर्याफिरस्ता (धागाकर्ता)

मूळ प्रश्नाकडे येतो. सुतारपक्षींचा "मुरलेलं विरुद्ध ओलं" हा मुद्दा मला पटला, पाइनचाही. पण वाडियांच्या बाकीच्या सागवानी जहाजांपैकी आज कोणतं शिल्लक आहे? कॉर्नवॉलिस शिअरनेसला धक्का म्हणून वापरली आणि विसाव्या शतकात मोडली. एशिया, नव्हारिनोच्या लढाईतली, १९०८ मध्ये विकली. गँजिस १९३० मध्ये मोडली. लाकूड शंभर-सव्वाशे वर्षं सगळ्यांचं टिकलं, हे मान्य. त्यापुढे त्रिंकोमालीच का? कारण १८९७ च्या जूनमध्ये कॉबची जुनी फूद्रोयां ब्लॅकपूलला वादळात किनाऱ्यावर आपटून गेली, त्याला बदली जहाज हवं होतं, आणि नेमकी ही नुकतीच भंगारवाल्याकडे गेली होती. तेव्हा माझी सुधारित वाटणी: सागाने तिला १८९७ पर्यंत आणलं, पुढे वादळाने आणि एका हौशी माणसाच्या खिशाने.

सुतारपक्षी

ही वाटणी मान्य. फक्त एक जोड: १८९७ मध्ये तिचा सांगाडा सडका असता तर कॉबने हात लावला नसता.

नवखा_नाविक

शेवटची शंका. आता तरंगती ठेवण्यापेक्षा नेल्सनच्या व्हिक्टरी या जहाजासारखी कोरड्या गोदीत का नाही ठेवत?

बंदरपट्टी

कारण लाकडी जहाजाला पाण्याचा आधार सगळीकडून सारखा मिळतो, कोरड्या गोदीत तो जातो. सगळं वजन कीलवर आणि मोजक्या टेकूंवर येतं, बाजू बाहेर पसरतात, लाकूड वाळून शिवणी उघडतात. व्हिक्टरीला हेच झालं. आता तिच्याखाली १३४ पोलादी आधार लावले आहेत, प्रत्येकावरचं वजन मोजता येतं.

तरंगण्याचा त्रास वेगळा. जहाजाचं पोट रुंद, ते पाणी जास्त उचलतं. टोकं निमुळती, त्यांना उचल कमी पण वजन तेवढंच. त्यामुळे टोकं खाली झुकतात आणि कील मधे कमानीसारखी वर येते. तोफा, पाण्याची पिंपं, सामान पोटातून काढलं की हे वाढतं. उपाय म्हणजे मध्यभागी वजन टाकून तोल साधायचा, कीलची वक्रता ठरावीक काळाने मोजत राहायचं आणि गोदीत घेताना ठोकळे सरळ रेषेत न लावता त्याच वक्रतेत लावायचे. सरळ ठोकळ्यांवर जुनं जहाज बसवलं तर एका भरतीत जे मोडेल ते दोनशे वर्षांत मोडलेलं नसेल.

हार्टलपूलची गोदी बंदिस्त आहे, लाट नाही, भरती-ओहोटीचा धक्का नाही. म्हणून तिथे तरंगती ठेवणं परवडतं. उघड्या बंदरात नसतं परवडलं.

नवखा_नाविक

समजलं. आणि तिच्या नाळेवरची मूर्ती? पगडीवाला माणूस दिसतो फोटोत.

गोलंदाज

हो, पगडीवालाच. पण मुंबईची कारागिरी समजू नका, ती १८४५ च्या फेरबदलाच्या वेळची, इंग्लंडमध्ये कोरलेली.